अधांतरी पाय

आमच्या इमारतीच्या लिफ्टबद्दल माझी एकच तक्रार आहे. ती येत नाही. एरवी लिफ्ट उत्तम आहे. तिच्यात आरसा आहे, पंखा आहे, ‘क्षमता : चार माणसं’ अशी पत्र्याची पाटी आहे, फक्त ही सगळी सोय कायम दुसऱ्याच कुठल्यातरी मजल्यावर असते. लिफ्ट जुन्या घडणीची, सरकत्या जाळीच्या दाराची. उतरणाऱ्याने दार शेवटपर्यंत ओढलं नाही की ती तिथेच रुसून बसते. खाली पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाने बटण कितीही दाबलं तरी तिला पाझर फुटत नाही.

यावर आमच्याकडे एक जुनी, खात्रीची पद्धत होती. इमारतीचा राखणदार तळमजल्यावरच्या जाळीला तोंड लावायचा आणि वर ओरडायचा, “दाऽऽर लावाऽऽ!” त्याचा आवाज असा की सहाव्या मजल्यावर कपबश्या किणकिणत. म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत, आणि त्यालाही ते बढतीसारखं वाटत असे. त्याने आरोळी दिली की प्रत्येक मजल्यावरचा माणूस ‘काय बाई हे लोक!’ असा चेहरा करून बाहेर डोकावायचा. मग कुठेतरी, कुणीतरी, हळूच दार लावल्याचा आवाज यायचा. कुठे आणि कुणी, हे विचारण्याची रीत नव्हती.

ही रीत मोडली दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी. सोसायटीच्या सभेत ते उठले आणि म्हणाले, “दार नेहमी चौथ्या मजल्याचंच उघडं असतं, असं माझं निरीक्षण आहे.”

चौथ्या मजल्यावर दोन घरं आहेत. एकाला कुलूप आहे. दुसऱ्यात आम्ही राहतो.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अशी होती की नवऱ्याने एकतर उठून काहीतरी बोलावं, नाहीतर पुढचा आठवडा दुसरीकडे जेवावं. मी उठलो. काय बोलायचं हे उठताना ठरलेलं नव्हतं. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि त्याच दिवशी विज्ञानाचा एक धडा माझ्या हाताखालून गेला होता. त्यातलं मला एवढंच आठवत होतं की ‘मायक्रोकंट्रोलर’ या शब्दापुढचा अर्धविराम निसटला होता. मी म्हणालो, “निरीक्षणं कशाला? एक एवढीशी चिप लावली की काम झालं. मायक्रोकंट्रोलर. कोणत्या मजल्याचं दार उघडं आहे ते ती पुराव्यानिशी सांगेल!”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. त्या कौतुकाने वळल्या असं मला वाटलं. मग अध्यक्ष खाकरले. आमचे अध्यक्ष निवृत्त स्टेशनमास्तर आहेत. कुठल्याही गोष्टीला उशीर झाला तर चालतो, पण त्याची घोषणा झालीच पाहिजे, हे त्यांचं तत्त्व.

“ठराव,” ते म्हणाले. “चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी लिफ्टला चिप बसवावी. यंत्र सुरू झालं की आरोळीची गरज उरत नाही. सबब राखणदाराला मोकळं करावं आणि जिन्याखालच्या त्याच्या खोलीत सायकली ठेवाव्यात.”

सायकलींचं नाव निघताच टाळ्यांचा कडकडाट झाला. दारापाशी उभा राहून सर्वांना पाणी देणारा भोंगाही टाळ्या वाजवत होता. ठरावाचा उत्तरार्ध त्याच्याबद्दल आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याचे हात मध्येच थांबले. मग नाइलाजाने त्याने आणखी एक टाळी वाजवली.

आता मायक्रोकंट्रोलर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मलाही ते सभेनंतरच कळलं. हा नखाएवढा संगणक. याला पडदा नाही, कळफलक नाही, नुसते दोन्ही बाजूंना गोमेसारखे पाय. काही पायांनी ऐकायचं, काही पायांनी बोलायचं, आणि एकदा नेमून दिलेलं काम वीज असेपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहायचं. का करतोय, हे विचारायचं नाही. माझ्या ऑफिसात असे बरेच लोक आहेत, पण ते चहाला उठतात.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी ऐटीत म्हणालो, “एक मायक्रोकंट्रोलर द्या.”

“कुठला?” दुकानदाराने विचारलं.

“चांगला.”

“किती पिनांचा? कशासाठी? पाच व्होल्टचा की तीनचा?”

“लिफ्टसाठी,” मी म्हणालो. दुकानदाराने काउंटरवरचे हात मागे घेतले. मी स्वतः लिफ्ट चालवणार नाही असं त्याला पटवून दिल्यावरच त्याने डबी काढली.

माझा मेहुणा कॉम्प्युटर लाइनीत आहे. म्हणजे प्रिंटरची शाई विकतो. पण लाइन एकच, या न्यायाने मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “भाऊजी, एकदम सोप्पं आहे! आधी एक दिवा उघडझाप करून बघा. जगात सगळे तिथूनच सुरुवात करतात.” मग त्याने आवाज खाली आणून विचारलं, “ताई रागावली आहे का?” मी हो म्हणालो. “मग दिवा हिरवा घ्या.”

दिव्याच्या उघडझापीला मला एक आठवडा लागला. प्रोग्राम सहा ओळींचा होता आणि पडदा सांगत होता की चूक आहे. कुठे, हे तो सांगत नव्हता. जिथे सांगत होता तिथे नव्हती. शेवटी बायको भाजी निवडता निवडता मागून म्हणाली, “अहो, या ओळीला शेवटी ते टिंब-स्वल्पविराम आहे, त्या ओळीला आहे, मग मधल्या ओळीनेच काय घोडं मारलंय?”

अर्धविराम. ज्या माणसाने राज्यभराच्या मुलांचे अर्धविराम सांभाळले, त्याच्या स्वतःच्या सहा ओळींत एक अर्धविराम नव्हता. याबद्दल मी अधिक काही लिहिणार नाही.

दिवा लुकलुकला. मी घरच्यांना बोलावलं. घरच्यांनी, म्हणजे बायकोने, तो थोडा वेळ पाहिला, मग भिंतीवरचं बटण खटखट दाबून दिवाणखान्याचा दिवा लुकलुकवून दाखवला आणि आत निघून गेली.

पुढची पायरी म्हणजे दाराचं बटण. दार पूर्ण लागलं की बटण दाबलं जातं, चिपला ते कळतं, सोपा मामला. पण मी बटण एकदा दाबलं की चिप म्हणे ते बऱ्याच वेळा दाबलं गेलं. बटणातल्या पट्ट्या आपसात भिडताना थरथरतात आणि चिप इतकी चलाख की प्रत्येक थरथर वेगळी मोजते, असं समजलं. यावर उपाय म्हणजे एकदा ऐकलं की क्षणभर थांबायचं आणि पुन्हा खात्री करून घ्यायची. हे तत्त्व मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या आईला पण सांगा.”

शिवाय या चिपच्या पोटात एक पहारेकरी असतो. चिपने त्याला मधूनमधून ‘मी जागी आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही तर तो समजतो की ही कुठेतरी अडकून पडली, आणि सरळ तिला पहिल्यापासून सुरू करतो. तो कसा चालतो हे समजून घ्यायला मला मुळीच वेळ लागला नाही. मी टेबलाशी बसलो की थोड्या थोड्या वेळाने आतून “झालं काऽऽ?” असं येई. उत्तर दिलं नाही तर सगळं पहिल्यापासून सुरू होई, तेही लग्नापासून.

लिफ्टच्या जाळीला हात लावायचा तर लिफ्टच्या खात्याची परवानगी हवी, असं अध्यक्षांनी बजावलं. खात्यातल्या कारकुनाने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “क्षमता किती माणसं?”

“हे माणसं नेत नाही. हे फक्त दार उघडं आहे का ते सांगतं.”

“माणसं नेत नाही, म्हणजे ही लिफ्ट नाही. लिफ्ट नसेल तर परवानगी आमच्याकडे मिळणार नाही.”

“म्हणजे परवानगी लागत नाही?”

“असं मी म्हटलं नाही.” त्याने चष्मा काढून पुसला. “परवानगी लागते. ती मिळत नाही.”

मी अर्थातच पुन्हा गेलो, आणि मग पुन्हा गेलो. अखेर त्याचं मन द्रवलं. तो म्हणाला, “साहेब, तुम्हीही अडून बसू नका, मीही बसत नाही. मध्यम मार्ग काढू. चार नको, तीन नको. एक माणूस लिहू.” शिक्का मारून त्याने मला एक पत्र्याची पाटी दिली : ‘क्षमता : एक माणूस’. ती यंत्रावर ठळक दिसेल अशी लावणं बंधनकारक होतं. माझं यंत्र साबणाच्या डबीएवढं होतं. त्यात एक माणूस कसा बसणार, हा प्रश्न मी विचारला नाही. त्याचीही परवानगी लागली असती.

यंत्राची रचना अशी : प्रत्येक मजल्याच्या दाराला एक बटण, तिथून खाली येणारी एक तार, तळमजल्याच्या भिंतीवर डबी. डबीवर मजल्यागणिक एक दिवा. ज्या मजल्याचं दार उघडं, त्याचा दिवा लागणार आणि डबी पीप-पीप करणार. तारा ओढायला शिडी कुणी धरली? भोंग्याने. भिंतीला भोकं कुणी पाडली? भोंग्याने. ज्या यंत्रामुळे त्याचं बिऱ्हाड उठणार होतं, त्याचे स्क्रू तो माझ्यापेक्षा घट्ट पिळत होता.

“साहेब,” एकदा त्याने खालून विचारलं, “हे केव्हा सुरू होणार, तेवढं जरा आधी सांगा. खोली बघायला लागेल. दोन पोरींची शाळा इथेच आहे, लांब जाऊन भागायचं नाही.”

“अजून बराच अवकाश आहे,” मी शिडीवरून म्हणालो.

“नाही, तुम्ही करा सावकाश. घाई नको.” मग शिडीवरची पकड बदलून, “ओरडतं का हो हे?”

“ओरडत नाही. पीप-पीप करतं.”

“पीप-पीप,” तो स्वतःशी म्हणाला. शिडी जराशी हलली.

घरी बायको म्हणाली, “माणसाला बेघर करणारं यंत्र कशाला बनवायचं? न चालणारं बनवा ना. तुम्हाला जमेल.” हा विश्वास होता की टोमणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एवढ्यात अध्यक्ष पाहणीला आले. “दिवे सहाच?” त्यांनी विचारलं.

“मजले सहाच आहेत.”

“आज आहेत. उद्या सातवा चढेल. गाड्या येण्याआधी फलाट बांधावा लागतो!” तेव्हा मी सातवा दिवा बसवला आणि प्रोग्राममध्ये सातव्या मजल्याची एक ओळही लिहिली. सातव्या मजल्याला दार नव्हतं, बटण नव्हतं, तार नव्हती. चिपचा तो पाय नुसताच मोकळा ठेवला. त्याचं पुढे काय होणार होतं ते तेव्हा सांगितलं असतं तरी माझा विश्वास बसला नसता.

यंत्र सुरू केलं. पीप-पीप, पीप-पीप. सातवा दिवा.

सगळे गोळा झाले. दातांचे डॉक्टर वाकून बघायला आले, तसा दिवा विझला. ते मागे सरले, पुन्हा लागला. बाजूने कुणी नुसतं चालत गेलं तरी पीप-पीप. सातव्या मजल्याचं दार उघडं होतं. ते कुणी लावतही नव्हतं.

“पण सातवा मजलाच नाही,” मी म्हणालो.

“यंत्र खोटं बोलतं का?” अध्यक्षांनी विचारलं.

नाही म्हणावं तर मजला मान्य होत होता. हो म्हणावं तर मी खोटा पडत होतो. अध्यक्ष गच्चीवर जाऊन आले. तिथे त्यांना पाण्याची टाकी दिसली. तिला दार नव्हतं. तेव्हा त्यांनी खाली येऊन फलकावर सूचना लावली : ‘सातव्या मजल्यावरील रहिवाशांनी लिफ्टचे दार लावण्याची दक्षता घ्यावी. अन्यथा नाइलाज होईल.’

आणि काय सांगू, त्या आठवड्यात इमारतीत जी शांतता नांदली तशी पूर्वी कधी नांदली नव्हती. लिफ्ट अडली की बाकीच्या दिव्यांकडे न बघता लोक एकमेकांकडे पाहून हसायचे. “सातव्याचे असतील.” पाचव्या मजल्यावरच्या बाई, ज्या दुसऱ्या मजल्याशी बोलत नव्हत्या, त्या डॉक्टरांशी जिन्यात थांबून सातव्या मजल्याबद्दल बोलू लागल्या. डॉक्टर म्हणाले, “मी पहिल्यापासून सांगतोय, वरच्या लोकांना शिस्तच नाही.” बायकोकडे पाहून ते चक्क नमस्कार करू लागले.

दुःखी दोघेच होतो. एक भोंगा, कारण यंत्र आता ‘सुरू’ होतं आणि अध्यक्षांनी पुढच्या सभेत चाचणी घेऊन त्याला निरोप द्यायचं जाहीर केलं होतं. दुसरा मी. मेहुण्याने फोनवर “बंद करून पुन्हा चालू केलंत का?” हा एकच सल्ला पुन्हा पुन्हा दिला होता. माझं नाव आता इमारतीत ‘सातवा मजला’ असं पडलं होतं. मला हाक मारून लोक वर बोट दाखवायचे.

तो पाय बायकोनेच धरला. डबी टेबलावर उघडी होती. तिने विचारलं, “हा सातव्याचा पाय कुठे जोडलाय?”

“कुठेच नाही.”

“मग दार उघडं आहे की बंद, हे त्याला सांगतं कोण?”

कुणीच सांगत नव्हतं! पाय अधांतरी होता. ज्या पायाला काहीच जोडलेलं नाही तो हवेतलं सगळं ऐकतो : पंख्याची वीज, शेजारच्याचा हात, रस्त्यावरची मोटार. आणि त्या ऐकीव गोष्टींवरून तो ठाम मत देतो. त्याला रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा एक चिमूटभर तुकडा, लावून विजेच्या भाषेतल्या ‘जमिनीवर’ टेकवला की तो गप्प बसतो. बस्स, एवढंच काम.

मी रेझिस्टर हातात घेतला. बायको बघत होती.

“लावलात तर यंत्र चालेल,” ती म्हणाली.

“हो.”

“मग त्या पोरींची शाळा?”

“नाही लावला तर मी जन्मभर सातवा मजला!”

मी सोल्डरिंग आयर्न तापवलं. माणसाला तत्त्वं असतात, पण त्याला टोपणनावही असतं. मी रेझिस्टर लावला. टेबलक्लॉथही थोडा जाळला, पण तो मुद्दाम नाही. त्या दिवशी जेवताना आमच्या टेबलावर फक्त ताटं बोलली.

चाचणीच्या दिवशी, तिसऱ्या मजल्यावरची मंडळी सोडून, सगळी इमारत तळमजल्यावर उतरली. भोंग्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याच्या खोलीसमोर दोन ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून त्या मला सारख्या दिसत होत्या. एक सायकल येऊन भिंतीला टेकलीसुद्धा होती.

मी यंत्र चालू केलं. शांतता. सातवा दिवा विझलेला. डॉक्टर जवळ आले, लांब गेले, हात हलवून पाहिला. शांतता. लोकांचे चेहरे उतरले. सातवा मजला रिकामा झाला, हे त्यांना रुचलं नव्हतं.

“आता तिसऱ्याचं दार उघडं टाकून जिन्याने खाली या!” मी वर गेलेल्या माणसाला फोनवर सांगितलं. तत्क्षणी तिसरा दिवा लागला. पीप-पीप. मी छाती पुढे काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही थांबलो.

पीप-पीप. पीप-पीप. दिवा लागलेला. लिफ्ट तिसऱ्यावर. दार उघडं.

“आता?” पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं.

“आता तिसऱ्या मजल्यावरचे दार लावतील,” मी म्हणालो.

“त्यांना कसं कळणार?”

मी डबीकडे पाहिलं. डबी तळमजल्यावर होती. पीप-पीप तळमजल्यावर होतं. तिसऱ्या मजल्याचं दार उघडं आहे हे आम्हा सगळ्यांना, अगदी पुराव्यानिशी, कळलं होतं. फक्त तिसऱ्या मजल्याला कळलं नव्हतं. इतक्या दिवसांत हे मला, मेहुण्याला, अध्यक्षांना, लिफ्टच्या खात्याला, कुणालाही सुचलं नव्हतं. घामाने माझा चष्मा घसरला.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुढे झालं. सवयच ती. भोंग्याने डबीकडे एक नजर टाकली, जाळीला तोंड लावलं आणि इमारत हादरली : “तिसराऽऽ मजलाऽऽ, दाऽऽर लावाऽऽ!”

वर खाडकन दार लागलं. दिवा विझला. लिफ्ट सुळकन खाली आली.

अध्यक्षांनी डबीवरची पाटी मोठ्याने वाचली. “क्षमता : एक माणूस. बरोबर आहे. एक माणूस लागणारच. खात्याने आधीच विचार करून ठेवलाय.” ठराव झाला : राखणदार हा यंत्राचा भाग आहे, सबब त्याला खोलीसह कायम करावं. सायकल परत गेली. भोंग्याने मला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, “साहेब, पीप-पीपला दम नाही.”

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्याच दिवसापासून भोंगा मजल्याचं नाव घेऊन ओरडू लागला. “दुसराऽऽ! डॉक्टरसाऽऽब, दाऽऽर!” डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या माणसानेही ते ऐकलं. “पाचवाऽऽ! बाईऽऽ!” बाईंनी डॉक्टरांशी बोलणं पुन्हा बंद केलं. मग “चौथाऽऽ!” मग परत “चौथाऽऽ!” मग, पाहुणे आले असताना, “चौथाऽऽच! साहेब, तुमचंच!”

त्या दिवशी बायको दार लावून आत आली, माझ्यासमोर चहा ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, “अहो, तो सातवा मजला परत सुरू नाही का करता येणार?”

माझ्याकडे ही विनंती घेऊन ती पहिली आली नव्हती. डॉक्टर येऊन गेले होते. अध्यक्षही, घोषणा न करता, येऊन गेले होते.

मी प्रोग्राम नव्याने लिहिला. कुठल्याही मजल्याचं दार उघडं राहिलं तरी दिवा सातव्याचाच लागतो. छोटा आहे, पण आजवर मी लिहिलेला हा एकच निर्दोष प्रोग्राम. अर्धविरामही सगळे जागच्या जागी आहेत.

आता डबी पीप-पीप करते. भोंगा जाळीला तोंड लावून गर्जतो, “सातवाऽऽ मजलाऽऽ, दाऽऽर लावाऽऽ!” प्रत्येक मजल्यावरचा माणूस ‘काय बाई हे लोक!’ असा चेहरा करून बाहेर डोकावतो. आणि मग, बहुतेक वेळा चौथ्या मजल्यावर, कुणीतरी हळूच दार लावतं.